खाडीकडे पाठ केलेली शाळा

पुण्याहून एसटीनं निघाले तेव्हा मी खुशीत होते. मी आखलेली पहिली शाळा बेलापूरच्या खाडीकाठी, कोळ्यांच्या वस्तीत उभी राहिली होती. कळंबोलीला उतरले आणि लोखंडाच्या ट्रकांमधून वाट काढत रिक्षा पकडली. रिक्षावाला साताऱ्याचा. शाळेचं नाव काढताच म्हणाला, "ती व्हय? लय उकडतंय म्हनं तितं."

मला हसू आलं. दिवसा दिवा लागू नये, पंखा लागू नये, म्हणून तर मी वर्षभर डोकं खपवलं होतं.

शाळा दिसली आणि डोक्यात तिडीक गेली. आख्खी इमारत माझ्या नकाशाच्या उलट फिरवून बांधलेली होती. खाडीचं वारं घेणाऱ्या रुंद खिडक्या आणि लांबलचक ओटी (पुढची पडवी) आता रस्त्याकडे तोंड करून. खाडीच्या बाजूला संडास आणि कोरी भिंत. ओटीवर पाटी: 'जाळी टाकण्यास सक्त मनाई.' भर दुपारी वर्गात ट्यूबलाइट जळत होत्या, पंखे गरम हवा ढवळत होते, पोरं वहीनं वारा घेत होती.

"उद्घाटनाच्या गाड्या रस्त्यानं येणार होत्या ना मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले. "दर्शनी बाजू तिकडे हवी, असं वरून आलं."

"आणि परवानगी कोणत्या गाढवानं दिली?"

त्यांनी फाइल पुढे केली. 'किरकोळ बदल' असं लिहिलेला नकाशा, खाली माझी सही. पुण्यात, जेवायच्या घाईत, घडी न उलगडता केलेली.

बाहेर हिराबाई उभी होती. मासळी विकणारी ही म्हातारी. मी जागा बघायला आले तेव्हा वारा कुठून येतो ते मला बोट दाखवून सांगणारी. जवळा (बारीक कोळंबी) सुकवायचं गावाचं खळं शाळेसाठी द्यायला तिनंच सगळ्यांना राजी केलं होतं. बदल्यात शाळा सुटल्यावर जाळी विणायला, जवळा सुकवायला ओटी बायकांची, असा माझा शब्द होता.

"खलं गेलं, ओटीवरशी हाकलतान," ती म्हणाली. "गाव मना इचारतं. कोनी केलं गं बाय ह्ये?"

"ठेकेदारानं," मी म्हणाले.

मग तिनं माझ्या वाटणीच्या सगळ्या शिव्या ठेकेदाराला घातल्या. मला घरी नेऊन तांदळाची भाकरी आणि कालवण वाढलं. निघताना जवळ्याची पुरचुंडी हातात दिली. "नीट धू हां. आता रस्त्याच्या कडंला सुकवतो, रेती लागतं."

परतीच्या एसटीत मी घाट संपेपर्यंत मनातल्या मनात ठेकेदाराला, वरच्या साहेबांना, गाड्यांतून आलेल्या पाहुण्यांना झोडपत होते. सगळे त्याच लायकीचे होते. पण त्या म्हातारीच्या तोंडावर खोटं बोलणारी मी एकटीच होते, आणि त्याचा संताप कुणावर काढायचा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी जवळा तीन पाण्यांनी धुऊन केला. पहिल्याच घासाला दाताखाली कचकच आली. नवऱ्यानं ताट सरकवलं. मी मात्र बसून सगळा संपवला.