या कोपऱ्यावर काढायचंच आहे

देवराव मेश्रामांचा कोणावर विश्वास नव्हता आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. चहावाल्यानं साखर जरा जास्त घातली, तरी याचं आज आपल्याकडे काहीतरी काम असणार, असंच ते धरून चालत. मनीषनगरकडच्या एका गोल चौकात, फुटपाथच्या कोपऱ्यावर ते घड्याळदुरुस्तीची पेटी मांडून बसत. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेले, पण हात इतके स्थिर, की केसाएवढा स्क्रू एका दमात बसवतील.

चौक ओलांडणं मात्र त्या हातांनाही जमत नव्हतं. गोलाभोवतीच्या गाड्या थांबायचं नाव घेत नसत. हातानं चालवायची तीनचाकी सायकल कशीबशी पलीकडे आणावी, तर पुढ्यात फुटपाथची वीतभर उंच कड. मग दोघा अनोळखी माणसांना हाक मारायची आणि सायकलीसकट उचलून घ्यायचं. उचलणाऱ्याचा हात जवळ आला, की देवराव खिसा दाबून धरत. एकसष्टाव्या वर्षी रोज असं गाठोड्यासारखं उचललं जायची त्यांना मनातून फार लाज वाटे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी महापालिकेची सोनिका नावाची एक इंजिनीअर मुलगी टेप घेऊन आली. तिनं कड मापली, पेटीपासून हातभर अंतरावर पिवळ्या रंगानं खूण केली आणि फोनवर म्हणाली, "हो सर, या कोपऱ्यावर काढायचंच आहे."

देवरावांनी पेटी जवळ ओढली. मागे सीताबर्डीत बसत असताना महापालिकेच्या साहेबानं अशीच खूण केली होती आणि तिसऱ्या दिवशी त्यांची पेटी ट्रकमध्ये गेली होती.

"काय मापून राहिली वं पोरी?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच सोयीचं आहे काका," ती हसून म्हणाली आणि पुढच्या कोपऱ्याकडे वळली.

सोयीचं! सीताबर्डीतल्या साहेबानंही हाच शब्द वापरला होता.

"काका, नीट विचारून तं घ्या तिले," शेजारचा फुलवाला उन्मेष म्हणाला.

"विचारलं तं खरं सांगते काय कोणी?"

घड्याळाचे भाग धुवायचं पेट्रोल चिंधीवर ओतून देवरावांनी ती खूण घासघासून काढली. फरशी कोरी झाली तेव्हा त्यांना आपल्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

महिन्याभरानं कामगार आले. त्यांनी बाकीच्या तिन्ही कोपऱ्यांवर कड फोडून रस्त्याला टेकणारा उतार केला. देवराव दिवसभर पेटीवर हात ठेवून बसले होते, पण पेटीला कोणी शिवलंही नाही. सामान ट्रकमध्ये चढू लागलं, तेव्हा समोरच्या कोपऱ्यावरून एक म्हातारी वॉकर टेकत, कोणाचाही हात न धरता रस्त्यावर उतरली. त्या पोरीला काढायचा होता तो उतार, पेटी नव्हे, हे देवरावांना तेव्हा कळलं.

"अन् हा कोपरा राहिला ना गा?" त्यांनी मुकादमाला विचारलं.

"इथं खूणच नाही, बाबा." पेटीमागे दुमडलेले पाय आणि मागे लावलेली सायकल मुकादमाच्या ध्यानात आली नव्हती. "इथून कोणी अपंग जात नसन."

गप्प बसले असते, तर काही बिघडलं नसतं. उन्मेष मान खाली घालून हार गुंफत होता, तो बोलणारा नव्हता. देवरावांनी पायांपुढची पेटी बाजूला सारली.

"मी जातो," ते म्हणाले. "अन् खूण होती गा. मीच पुसली."