अण्णाला कळवू नको

आमचे अण्णा फौजेत लेफ्टनंट जनरल झाले तेव्हा परभणीकडच्या आमच्या पालम गावात तीन बॅनर लागले, आणि तिन्हींवर फोटो वेगवेगळ्या वयाचे. एकावर तर ते अजून मेजरच होते! मी त्यांचा धाकटा भाऊ, एसटी स्टँडसमोर हार्डवेअरचं दुकान आहे माझं. त्या दिवशी खिळे घ्यायला कमी आणि पेढे खायला जास्त लोक आले. धंद्याच्या वेळेत गर्दी म्हणून चिडलो, पण छातीही फुगली होती, खोटं कशाला बोलू.

अण्णा लहानपणीच सैनिकी शाळेत गेले, ते पुढं घरी पाहुण्यासारखेच येत राहिले. कॅप्टन, कर्नल, ब्रिगेडियर. कधी बर्फातली ठाणी, कधी वाळवंट, मधे दिल्ली, पुन्हा सरहद्द. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा आणि मायचं कितीही दुखत असलं तरी ती म्हणायची, "मी बरी हाय. तू माझी फिकीर करू नको." अण्णांना दुखणं सांगायचं नाही, ही आमच्या घरची रीतच पडली होती. माझा पाय मोडला तो त्यांना प्लास्टर निघाल्यावर कळला.

गेल्या थंडीत मायला ताप आला, मग दम लागायला लागला. परभणीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता घरी न्या. ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या." घरी आणल्यावर मी खिशातून फोन काढला. माय डोळे मिटून पडलेली, पण माझा हात कुठं जातोय ते तिला बरोबर कळायचं.

"कुणाला फोन लावायलास?"

"अण्णांना."

"न्हाई. अण्णाला कळवू नको. त्याच्या जिवावर तिकडं लोकाची लेकरं बर्फात उभी हायेत. मी म्हातारी, आज न्हाई उद्या जाणारच की."

मी हट्टाला पेटलो. तेव्हा तिनं गळ्यातलं इष्टलिंग काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. आम्हा लिंगायतांचं लिंग जन्मापासून मातीत जाईपर्यंत अंगावर असतं. ते हातात घेऊन दिलेला शब्द मोडायची छाती आमच्यात कुणाला होत नाही. "घे शपथ," माय म्हणाली. घेतली. काय करणार?

बायको म्हणाली, "शपथ तुमी घेतली, मी न्हाई. मी लावते फोन." मी तिच्या अंगावर खेकसलो. फोन तिच्या हातातून हिसकावून घेतला. आज वाटतं, लावू द्यायला पाहिजे होता. काय अवदसा आठवली होती मला!

मधे रविवार आला. मायला उशीला टेकवून बसवलं. ती कसाबसा दम धरून दोन वाक्यं बोलली आणि फोन माझ्याकडं दिला. "आवाज बसलाय का तिचा?" अण्णांनी विचारलं. मी म्हणालो, "थंडी लय हाय इकडं. बाकी सगळं ठीक."

ताप आल्यापासून नवव्या दिवशी सकाळी माय गेली. शपथ सुटली. मी फोन लावला. अण्णा म्हणाले, "मी निघतो. मी येईपर्यंत थांबा." मी हो म्हणून बसलो.

पण आमच्यात जाळत नाहीत, मांडी घालून बसवून पुरतात, आणि अंग ताठायच्या आत बसवावं लागतं. मायला भिंतीला टेकवून बसवलं, कपाळाला विभूती लावली. तिकडं धुकं, विमान उडेना. हजारो माणसांना हुकूम देणारा माणूस दर अर्ध्या तासाला मला फोन करून विचारत होता, "अजून थांबलेत ना रे?" जाणती माणसं म्हणाली, दिवस मावळायच्या आत झालंच पाहिजे. मी भांडलो, ओरडलो, एका चुलत्याला नको ते बोललो. कुणी ऐकलं नाही. पहिली माती मीच टाकली.

दिवेलागणीला अण्णा आले. मागं तीन-चार गाड्या, साहेब लोक, सलाम. त्यांनी सगळ्यांना हातानंच लांब थांबवलं आणि मातीजवळ येऊन खाली बसले. हात कुठं ठेवावा तेही त्यांना कळेना.

"कधीपासून आजारी होती?"

एकाएकी गेली, असं सांगायचं ठरवलं होतं मी. तोंडातून निघेना. म्हणालो, "नऊ दिवस." आणि शपथेचं सगळं सांगितलं. वाटलं, आता हाणतील. हाणलं असतं तर बरं झालं असतं.

"रविवारचा फोन मी हैदराबादहून केला होता," अण्णा म्हणाले. "कामासाठी आलो होतो. गाडी दारात उभी होती, दुपारपर्यंत पालमला पोचलो असतो. तू सगळं ठीक म्हणालास, म्हणून परत पाठवली."