कुंभारणीची साक्ष

बोरी अरबमधल्या आमच्या गल्लीत नानाजीला सगळे सज्जन म्हणत. त्याच्या आणि आमच्या घराची भिंत एकच, त्यामुळे हा सज्जनपणा मला रोज जवळून दिसायचा. आईपुढे कधी तोंड उघडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. चाळीस एकर कापसाची पऱ्हाटी, तीन बैलजोड्या, डोक्याला वासाचं तेल आणि दिवसभर ओट्यावर बसून सुपारी कातरणं. आईनं ऊठ म्हटलं की उठायचा, बस म्हटलं की बसायचा. उभ्या जन्मात एकच काम त्यानं कुणाला न विचारता केलं. १९६४ साली एका सकाळी त्यानं घरातल्या कुंभारणींची घरटी काठीनं पाडली.

कुंभारीण म्हणजे ती बारीक कंबरेची लांब माशी. पावसाळ्यात न्हाणीजवळच्या ओल्या मातीची गोळी उचलते आणि तुळईला, खुंटीमागे, तसबिरीच्या आडोशाला घर बांधत बसते. शहाणी माणसं ते उलथन्यानं खरवडतात आणि माती उकिरड्यावर टाकतात. पण नानाजीची आई कांताबाई, तिचं शास्त्र वेगळं. कुंभारणीनं घर केलं की त्या घरात लेकरू होणार, आणि होईस्तोवर त्या मातीला कुणी हात लावायचा नाही. आमच्याकडे पुष्कळ बाया हे म्हणतात. म्हणतात आणि विसरून जातात. कांताबाई काही विसरत नसे.

नानाजीची बायको विमलताई पुसदकडची. लग्नाला सहा वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात तिच्या मधल्या खोलीत तुळईवर पहिलं घरटं दिसलं आणि कांताबाईनं त्याला हळदकुंकू वाहिलं. एका माशीला! पुढच्या वर्षी घरटी तीन झाली आणि लेकरू एकही नाही. डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाला माशीचा संशय आला असता. कांताबाईला आला सुनेचा.

"कुंभारीण खोटी नसते," ती गल्लीभर सांगायची. "तिले लेकरू दिसते म्हनून ते घर बांधते. मंग लेकरू अडलं कुठं? हिच्यातच."

नानाजी ओट्यावर सुपारी कातरत होता.

विमलताई मला भिंतीवरून म्हणायची, "डोये उघडले का पयले ते तीन गोळे दिसतात. वाटते, माह्यावरच पाह्यरा ठेवून हायत." तिला ती घरटी नको होती. रोज उठून त्यांच्याखाली आरोपीसारखं झोपायचं नव्हतं, एवढंच तिचं म्हणणं.

त्याच सुमारास हिवतापाच्या फवारणीची माणसं गावात आली. आमच्या गल्लीत पाठीवर पंप घेतलेला भीमराज होता. गावच्याच वस्तीतला, दोन वर्षांपूर्वी त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतलेला. कांताबाईनं त्याला उंबऱ्याच्या आत घेतलंच नसतं, पण ती त्या दिवशी दारव्ह्याला गेली होती. विमलताईनं मला सोबतीला बोलावलं आणि त्याला सरळ खोलीत नेलं.

"दादा, भिंतीवर मारा. अन् ते वरचे गोळेबी काढून टाका."

भीमराजनं तिन्ही घरटी पत्र्यानं खरवडून खाली पाडली आणि एक फोडून आम्हाला दाखवलं. आत बधिर पडलेले कोळी आणि एक पांढरी अळी. "पाहा बाई, हे हाय लेकरू," तो म्हणाला. "आमचे म्हातारे बी असंच सांगत. आमी आता हे सगळं सोडून देलं." विमलताई हसली. तिला तसं हसताना मी फार दिवसांनी पाहिलं.

संध्याकाळी म्हातारी परतली. तिनं तुळईकडे पाहिलं आणि जमिनीवर बसून छाती बडवायला लागली. "इनं माहा नातू पाडला! हातानं पाडला वं माय!"

गल्ली जमली. स्वतःच्या घरची घरटी दर दिवाळीला खरवडणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून च्‌ च्‌ करत उभ्या राहिल्या. त्यांची मला आजही किळस येते. मी ओरडून सांगितलं की आत नुसते कोळी होते, मी डोळ्यांनी पाहिले. म्हातारी म्हणाली, "तुह्या घरी तीन लेकरं हायेत, तुले काय त्याचं?" विमलताईनं फक्त नवऱ्याकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं. सात वर्षांच्या संसाराला एक शब्द.

नानाजी अडकित्त्याकडे पाहत म्हणाला, "माय म्हनते ते काही खोटं नसन."

दुसरी बायको करायची नाही असा कायदा तोवर झाला होता, पण आमच्या गल्लीत तो कुणाला आठवला नाही. वणीकडची अठरा वर्षांची इंदू आली. विमलताईची पेटी मधल्या खोलीतून उचलून गोठ्याशेजारच्या कापसाच्या खोलीत नेऊन टाकली. सरकीच्या वासात आणि उंदरांत ती तिथं राहू लागली. मधल्या खोलीत आता इंदू, आणि हुकूम असा की तुळईला कुणी बोट लावायचं नाही.

कुंभारणींची चंगळ झाली. सहा वर्षांत अकरा घरटी. कांताबाई ती मोजून ठेवायची. लेकरू अर्थातच नाही. इंदूही उठल्या उठल्या वर पाहायला शिकली आणि रडायला कापसाच्या खोलीत विमलताईकडे जायला लागली. सवती म्हणून त्यांनी भांडायला हवं होतं, पण ज्याच्यासाठी भांडायचं तो माल त्या लायकीचा नव्हता.

मग एका दिवशी कांताबाईनं भिंतीवरून मला ऐकवलं, "हे बी खोटीच निंगाली. दिग्रसकडं एक पोरगी पाह्यली हाय." इंदूचं पुढं काय, हे मी विचारलं. "कापसाची खोली मोठी हाय," ती म्हणाली.

ही गोष्ट बाजाराच्या दिवशी न्हाव्याच्या ओट्यावर पोचली. नानाजी तिथं गालाला साबण लावून बसला होता. कुणीतरी म्हातारा शांतपणे म्हणाला, "आता पाहा. अकरा कुंभारणी खोट्या नाहीत, हे तर कांताबाईच सांगते. दोन दोन बाया बी खोट्या नसतीन. मंग राह्यलं कोन?" ओटा हसला. नानाजी अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आला. एक गाल साबणानं पांढरा, एक सफाचट, असा तो आमच्या दारावरून खाली मान घालून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धपाधप आवाज ऐकून मी त्यांच्या घरात गेले. मधल्या खोलीत नानाजी स्टुलावर चढला होता. धोतर खोचलेलं, तोंडाला उपरणं गुंडाळलेलं, हातात तुतारी, बैल हाकायची काठी. माती, कोळी, अळ्या सगळं इंदूच्या अंथरुणावर पडत होतं. कुंभारणी डोक्याभोवती घोंघावत होत्या, पण एकही त्याला चावली नाही. त्यांनाही त्याची किंमत कळली असावी.

कांताबाई धावत आली. "काय करून राह्यला रे?"

"घान झालती. साफ करून राह्यलो."

म्हातारीनं तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून विमलताई बोलली. इंदू तिच्या मागं उभी होती. विमलताईचा आवाज जरासुद्धा चढला नाही.

"आत्याबाई, पाह्यलं ना? मी तीन पाडले होते. तुमचा लेक आज अकरा नातू पाडून राह्यला. छाती नाही बडवत?"

कांताबाईनं लेकाकडे पाहिलं. लेक रिकाम्या तुळईकडे पाहत होता. खोट आपल्यातच आहे, हे त्याला ठाऊक होतं. अडकित्त्याकडे पाहून ते वाक्य बोलला तेव्हाही ठाऊक असावं, आणि हे म्हातारीला त्या क्षणी कळलं. तिचा हात छातीपर्यंत गेला आणि तसाच खाली आला. दिग्रसच्या पोरीचं नाव त्यानंतर त्या घरात निघालं नाही.

दुपारी दोघींनी पेटीच्या दोन कड्या धरल्या आणि विमलताईची पेटी मधल्या खोलीत परत आणली. मग विमलताई ओट्यावर आली.

"तुमचं अंथरून कापसाच्या खोलीत टाकलं," ती नवऱ्याला म्हणाली. "जा."

नानाजीनं अडकित्ता मिटला, आईकडे पाहिलं. आई पाठ फिरवून आत गेली. मग तो उठला आणि गेला. कुणी जा म्हटलं की जायचं, तेवढं त्याला येत होतं.