वेसेलीसाहेब खुर्चीवर बसले

व्हिएन्नाच्या ऑपेरात ओटोकार वेसेली एकतीस वर्षं उभा राहिला. खुर्च्यांमागच्या कठड्याला रुमाल बांधला की जागा आपली, हा तिथल्या उभ्या प्रेक्षकांचा कायदा. आणि मधली जागा वेसेलीची, हे सगळेच मानत. बसणाऱ्यांना संगीतातलं काय कळतं, असं तो नोकरीत, पोस्टाच्या खिडकीवर टपालाची तिकिटं घ्यायला आलेल्यांनाही सुनवायचा.

तो निवृत्त झाला तेव्हा बायकोनं, ट्रूडनं, मोठ्या हौसेनं ऑपेराची दोन खुर्च्यांची तिकिटं काढली. नाही म्हणायची सोय नव्हती. मखमलीत बुडून तो तोंड लपवत बसला, पण मागून, उभ्या मंडळींतून आवाज आलाच.

"काय वेसेलीसाहेब, गुडघे गेले की कान?"

पहिला अंक त्याच्या डोक्यात शिरलाच नाही. मध्यंतरात तो मागे धावला, तर त्याच्या जागी इतकी वर्षं शेजारी उभ्या राहणाऱ्या प्लेशिंगरबाईंचा रुमाल.

"जरा सरकता का?"

"बसून आलेल्यांसाठी सरकायची पद्धत नाही हो आपल्यात. भिंतीशी उभे राहा, नवशिक्यांत."

भिंतीपासून अर्धाच रंगमंच दिसत होता. तरी नायकाचा सूर घसरताच पहिली हुर्यो तिथूनच उठली. ट्रूडनं आवाज ओळखला आणि पर्स शेजारच्या, त्याच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली.

"ही तरी गप्प बसते," ती म्हणाली.