पुलाच्या खांबावरची भेग

सासूबाई मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायला बसल्या की मी तिथून काढता पाय घ्यायचे. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता... पत्रकार ना, पुराव्याशिवाय बोलायचं नाही!

नव्वदचं दशक सरत आलेलं. आम्ही दिल्लीच्या द्वारका भागातल्या नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. ऑटोवाले अजून जुन्या नावानं पप्पनकलाँच म्हणायचे. मी एका हिंदी दैनिकात बातमीदार. समोरच्या रस्त्यावर नवाकोरा पादचारी पूल झाला होता आणि माझी दुसरीतली ईशा रोज त्यावरून शाळेत जायची. खालून ट्रक गेला की पूल थरथरायचा. खांबाला तडे गेलेत, वरून गिलावा करून रंग फासलाय, अशी कुणकुण मला लागली होती. बांधकाम खात्यातले साहेब हसले, "मॅडम, बिल्कुल नया पुल है!" संपादक म्हणाले, "सबूत लाइए, तभी छपेगा." आणि इकडे ईशा पूल उतरेपर्यंत माझा जीव टांगणीला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या रोलमध्ये एक फोटो उरला होता. रोल वाया घालवणं आमच्या रक्तात नाही! शाळेतून येताना ईशाला पुलाच्या खांबापाशी उभं केलं.

"हस गं नीट!"

"आई, जल्दी कर ना, भूक लागलीये!"

रोल धुऊन आला. तिळगूळ, साड्या, वाणाची ताटं... आणि शेवटी ईशा. तिच्या डोक्यावर, खांबावर, तिरपी काळी भेग. मी तशीच धावत पुलापाशी गेले. खांब गुळगुळीत, पिवळाधमक.

फोटो घेऊन साहेबांकडे गेले. "पुराना फोटो होगा," ते म्हणाले.

"साहब, ये पीला रंग तो आपने अभी पिछले महीने लगवाया है."

त्यांनी फोटो पुन्हा न्याहाळला. म्हणाले, "चलो, आपकी तसल्ली के लिए खोल देते हैं."

गिलावा खरवडला. भेग तिथेच होती. तशीच तिरपी, आत गंजून फुगलेली सळई. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. पूल लगेच बंद झाला, बातमी पहिल्या पानावर आली, खांब नव्यानं बांधला गेला. कुणाला साधं खरचटलंही नाही. इतकं समाधान मला कुठल्याच बातमीनं दिलं नाही.

पण बातमी छापण्याआधी मोठी प्रिंट हवी म्हणून मी निगेटिव्ह उजेडात धरली होती, तर खांब कोरा! स्टुडिओवाल्यानं दुसरी प्रिंट काढली, तीही कोरी. "मैंने कुछ नहीं किया मैडम," तो शपथेवर सांगत राहिला.

याचा उलगडा आजवर झालेला नाही. ईशा आता गुरुग्रामला नोकरी करते, त्याच पुलावरून मेट्रोला जाते. निगेटिव्हचं तिला मी कधी सांगितलेलं नाही, म्हणून अल्बम उघडला की हटकून विचारते, "आई, यार, फोटो काढताना तुला ती भेग दिसली कशी नाही?"

काय सांगू? मी तर फक्त तिच्याकडे बघत होते.