दहावा चुकला होता

ती घटना माझ्या डोक्यातून गेलेली नाही, याची साक्ष माझी बायको देईल. फोनवर कुणाच्या निधनाचं कार्ड आलं की नाव वाचायच्या आधी मी बोटांवर दिवस मोजायला लागतो. ती म्हणते, "अहो, गेलं कोण ते तरी आधी बघा." मी मोजणी पुरी करतो आणि मगच नाव वाचतो.

नोकरीच्या अखेरीस मी जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नावं कुणाचीच देत नाही. माणसं अजून तिथंच आहेत आणि आठवडे बाजारात एकमेकांना भेटतात.

या भागात दशक्रिया विधीला, म्हणजे दहाव्याला, फार मान आहे. सकाळी नदीच्या घाटावर प्रवचन होतं, पुढारी श्रद्धांजलीची भाषणं करतात, पिंडाला कावळा शिवतो आणि मग लोक आपापल्या कामाला जातात. लग्नाला आला नाहीत तर समजून घेतील, दहाव्याला आला नाहीत तर वर्षभर ऐकवतील. पूर्वी निरोप घेऊन माणूस यायचा, आता फोनवर कार्ड येतं. हार घातलेला फोटो, दोन बाजूंना समया, खाली दहाव्याची तारीख, वार, वेळ आणि घाट.

भात झोडायचे दिवस होते. मंगळवारी दुपारी साठीच्या पुढची एक बाई ठाण्यात आली. पदराला भाताचं तूस चिकटलेलं, पायात वहाण नाही. ठाणे अंमलदारानं तक्रार विचारली तर तिनं फोन पुढं केला.

"ह्यात माज्या पोराचा फोटू हाये. हार घातलाय. पोरगं जितं हाय का न्हाई, येवढंच सांगा."

मी कार्ड पाहिलं. बत्तीस वर्षांचा तो माणूस मला ऐकून माहीत होता. गावात त्याला सगळे डायरेक्टर म्हणायचे. चार दिवसांपूर्वी "शूटिंगच्या कामाला जातो" म्हणून तो घरातून गेला होता आणि फोन बंद होता. पण कुठल्याच ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद नव्हती, दवाखान्यांत चौकशी केली तर तिथंही काही नाही.

"मावशी, कुणीतरी चावटपणा केलाय," मी म्हणालो. "येईल घरी. मिसिंगची नोंद घेतो, तुम्ही जा."

ती गेली नाही. बाकड्यावर बसून राहिली. माझं ते वाक्य मला आजही लागतं, म्हणून लिहून ठेवतो आहे.

नोंद घेता घेता हवालदारानं मला पार्श्वभूमी सांगितली. डोंगराकडे एक समजूत आहे. धुक्यात कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तिसरी हाक मारतो. दुसरं जे काही असतं ते दोनच मारतं. डायरेक्टरचा सिनेमा यावरच होता. निर्माता मिळेना, तेव्हा त्यानं फेसबुकवर लोकांनाच साद घातली. जो हातभार लावील त्याचं नाव सिनेमात डोंगरातून हाक म्हणून ऐकू येईल! लोकांना हे भलतंच आवडलं. ओतूरच्या कापड दुकानदारापासून पुण्यात नोकरी करणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांनी आपापल्या परीनं पाठवलं. बऱ्याच जणांनी स्वतःचं नाव न देता वारलेल्या आईचं, आजोबांचं नाव दिलं.

चित्रीकरण झालं आणि सगळं ज्या हार्ड डिस्कवर होतं ती बिघडली. दुसरी प्रत त्यानं केलीच नव्हती. ही गोष्ट सांगायचं सोडून तो आठ महिने "काम जोरात चालू आहे" असं लिहीत राहिला. शेवटी त्याच्या कॅमेरावाल्यानंच भांडं फोडलं की दाखवायला काहीही शिल्लक नाही.

मग लोक तुटून पडले. त्या पानावरच्या प्रतिक्रिया मी खुर्चीत बसून ओळीनं वाचल्या. "माझ्या आजोबांचं नाव विकून खाल्लंस." "ह्याच्या घराचा पत्ता टाका रे." "तोंड दाखव." "मर एकदाचा." हे 'मर' तर इतक्या जणांनी लिहिलं होतं की वाचता वाचता त्या शब्दाला काही अर्थच उरेना.

त्यानंतर कार्ड आलं होतं आणि कार्डाखाली तीच माणसं होती. तेच फोटो, तीच नावं. मोटारसायकलवर बसलेला जो तरुण चार दिवसांपूर्वी 'मर' म्हणाला होता, त्यानं आता हात जोडले होते. "विश्वास बसत नाही." "गुणी कलाकार गेला." "तालुक्याचं कधीही भरून न येणारं नुकसान." एकालाही आपलं वरचं लिखाण पुसावंसं वाटलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट दिसली. प्रत्येक श्रद्धांजलीला कुणीतरी बदामाचं चिन्ह देत होतं. खातं एकच, नाव खोटं, फोटोच्या जागी काही नाही. मी बघत असतानाच एक नवीन "भावपूर्ण श्रद्धांजली" आली आणि क्षणभरानं तिच्याखाली बदाम पडला. कुणीतरी त्या घटकेला, माझ्याबरोबरच, तेच पान वाचत होतं. भरदुपारची वेळ, ठाण्यात माणसांची ये-जा, तरी मी मागं वळून पाहिलं.

हवालदार माझ्या खांद्यावरून कार्ड बघत होता. हा गृहस्थ पंचक्रोशीतला एकही दहावा चुकवत नसे. तो बोटं मोजायला लागला. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"सायेब, दहावा चुकलाय."

"म्हणजे?"

"गेल्याला दिवस पयला धरत्यात. आज मंगळवार. आजच गेला आसं धरलं तरी दहावा पुढल्या गुरुवारी येतो. ह्येच्यात त्येच्या म्होरला शनिवार लिवलाय. दहावा कुणी मागंम्होरं करत नाय. हितलं शेंबडं पोर पन ह्यो हिशेब चुकत नाय."

"मग शनिवारी दहावा यायला माणूस कधी गेला पाहिजे?"

त्यानं परत बोटं मोजली आणि आवाज खाली आणला. "परवा. येत्या गुरुवारी."

बाकड्यावरची म्हातारी आमच्याकडे बघत होती. मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

कार्डाच्या समयांची नक्षी हवालदारानं ओळखली. कळंबला त्या कॅमेरावाल्याचंच फ्लेक्सचं दुकान होतं, कार्ड तिथलंच. तासाभरात त्याला ठाण्यात आणला. आल्या आल्या त्यानं हात झटकले. मी आवाज चढवला नाही. माझा अनुभव असा की घाबरलेला माणूस ओरडल्यावर गप्प होतो आणि आपण गप्प बसलो की बोलतो. मी त्याला त्या आईच्या समोर बसवलं आणि कागद चाळत राहिलो. पाच मिनिटांत तो रडायला लागला.

"सायेब, कार्ड मी केलं, पन मजकूर त्यानंच पाठवला. रात्री नव्या नंबरवरनं मेसेज आला, मी अमका, माझं कार्ड बनव. मला वाटलं नाटक करतोय, सहानुभूती पाहिजे त्याला. मी बी रागात व्हतो. म्हनलं, घे बाबा, मर."

"तारीख कुणाची?"

त्यानं मोबाईल काढून माझ्यापुढं धरला. कार्डाचा मजकूर होता, खाली यानं लिहिलेलं होतं, "भावा, दहावा चुकतोय बघ." त्याखाली उत्तर होतं, "तारीख बरोबर आहे. तशीच ठेव."

पुढचा दीड दिवस ठाण्यात कुणी नीट जेवलं नाही. नवा नंबर लगेच तांत्रिक शाखेकडे दिला. बुधवारी संध्याकाळी उत्तर आलं की तो तळेघरच्या बाजूच्या टॉवरवर मधूनच लागतो आणि बंद होतो. डोंगराचा तो भाग मोठा, वस्त्या विखुरलेल्या. पण हे 'मधूनच' वाचून हवालदाराच्या डोक्यात उजेड पडला. तिकडच्या वाड्यांना घरात रेंज मिळत नाही. प्रत्येक वाडीची एक ठरलेली जागा असते, तिथं चढून गेलं की फोन लागतो. मी डायरेक्टरच्या आईला विचारलं. ती म्हणाली, "माज्या भावाच्या वाडीच्या वर रेंजचा दगड हाये. तितंच तेनं शूटिंग केलं व्हतं."

गुरुवारी फटफटताच आम्ही निघालो. मी, हवालदार, ती आई आणि चालक. गाडी जिथवर जात होती तिथवर गेली, पुढं चढण. वाटेत हवालदार एकदम म्हणाला, "सायेब, त्या पानावर माजी बी एक कमेंट हाये."

"काय लिहिलंयस?"

"वडलांचं नाव दिलं व्हतं मी, हाकेला. लई राग आला व्हता." काय लिहिलं ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही परत विचारलं नाही. मला ते आठवत होतं, कारण मंगळवारी मी सगळं ओळीनं वाचलं होतं.

वर पोचलो तेव्हा सकाळ झाली होती, पण धुकं असं की पुढचा माणूस दिसेना. पायाखाली कापून नेलेल्या नाचणीचे खुंट, त्यापलीकडे खडक आणि खडकानंतर काय ते दिसत नव्हतं. मी हवालदाराला खूण केली. त्यानं डायरेक्टरच्या नावानं मोठ्यानं हाक मारली. आवाज दरीत गेला आणि थोड्या वेळानं तेच नाव तिकडून परत आलं. पुढं काहीच नाही. हवालदारानं दुसरी हाक मारली. पुन्हा ते नाव परत आलं.

त्यानं तिसऱ्यांदा श्वास घेतला तेव्हा आईनं त्याच्या दंडाला धरून त्याला थांबवलं. ती दोन पावलं पुढं गेली आणि तिनं घरातल्या नावानं हाक मारली. ते नाव कार्डावर नव्हतं, फेसबुकवर नव्हतं, आमच्या मिसिंगच्या नोंदीतही नव्हतं.

धुक्यातून "ओ" आला.

माझ्या उभ्या नोकरीत इतका बरा आवाज मी ऐकलेला नाही. तो खडकाच्या कडेला, आमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर बसला होता. हातात फोन, त्यावर तेच खोट्या नावाचं खातं, डोळे सुजलेले. आई जाऊन त्याच्याजवळ बसली आणि तिनं त्याचा सदरा मुठीत धरून ठेवला. तो मला म्हणाला, "सायेब, वाचा ना. लोकांनी किती चांगलं लिवलंय. मी हाये म्हनलं तर परत सगळं पयल्यासारखं व्हईल."

तो म्हणत होता ते खरंच होतं. आईनं त्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि कमरेला खोचला. "चल," ती म्हणाली. "भात झोडायचा ऱ्हायलाय."

त्याला आधी डॉक्टरांकडे नेलं, मग जबाब घेऊन मिसिंगचं प्रकरण बंद केलं. ज्यांना फसवणुकीची तक्रार द्यायची असेल त्यांनी ठाण्यात यावं, असं मी त्या पानावर लिहवून घेतलं. एकही जण आला नाही. तो जिवंत असल्याचं कळल्यावर मात्र त्याच पानावर पहिल्यासारखं सुरू झालं: नाटकी माणूस, प्रसिद्धीसाठी काहीही करील.

कार्डावरच्या, म्हणजे पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळी मी खात्रीसाठी घाटावर गेलो. कार्ड जिथवर पोचतं तिथवर खुलासा पोचत नाही. पन्नास-साठ माणसं येऊन बसली होती. एका पुढाऱ्याच्या खिशात भाषणाचा कागदही होता. थोड्या वेळानं आईबरोबर तो घाटाच्या पायऱ्या उतरून आला. आईनंच आणलं होतं. पुढाऱ्यानं कागद खिशात आणखी खाली दाबला. समोरच्या झाडावर कावळे होते, ते त्या दिवशी ओरडले नाहीत, किंवा मला तरी ऐकू आले नाहीत. तो हात जोडून म्हणाला, "डिस्क बिघडली व्हती. मी खोटं बोललो. माफ करा." फोनच्या पडद्यावर तोंड सोडणारी ती माणसं, पण कुणालाही त्याच्या तोंडाकडे बघवेना. आमचा हवालदार तेवढा उठला आणि त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

मी पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त झालो. त्या हिवाळ्यात एका सकाळी फोनवर कार्ड आलं. तोच हार घातलेला फोटो, त्याच समया आणि वर 'प्रथम पुण्यस्मरण'. पाठोपाठ त्याचाच फोन आला.

"सायेब, कार्ड बघितलं का? ह्या टायमाला मी न्हाई केलेलं."

"मग कुणी केलं?"

"काय म्हाईत. खाली लोकं हात जोडायला बी लागल्यात."

मी विचारलं, "तू कुठं आहेस?" तो म्हणाला, "खळ्यात हाये." मी म्हणालो, "फोन ठेवू नकोस. बोलत राहा." तो भाताचं सांगू लागला. मी कान देऊन ऐकत राहिलो. पलीकडून भाताच्या पेंढ्या आपटल्याचा आवाज येत होता, एकामागून एक.

पोलिसाला मेलेल्या माणसाची कागदपत्रं करायला शिकवतात. जिवंत माणूस जिवंत आहे, याचा दाखला कुठल्या रकान्यात भरायचा हे मला कुणी शिकवलं नाही. मला जेवढं कळलं ते एवढंच की तो दाखला कुणीतरी रोज, घरातल्या नावानं, हाक मारून द्यावा लागतो.

तेवढ्यात पलीकडून त्याच्या आईचा आवाज आला. तिनं त्याला हाक मारली आणि तो फोनवर माझ्याशी बोलायचा थांबून, पहिल्याच हाकेला, "ओ" म्हणाला. मग मी फोन ठेवला.