खोलगट बांधीचा प्रश्न

गोंदियाला उतरले आणि माझा पहिला संशय रिक्षावाल्यावर गेला. सडक अर्जुनीची बस कुठे मिळेल, एवढंच विचारलं होतं मी. "बैठो मॅडम, छोड देता हूँ," म्हणत त्याने भाडं इतकं कमी सांगितलं की मी बॅग मांडीवर घट्ट धरली. बॅगेत आमच्या भुकटीची पाकिटं होती. धानाच्या बियाण्याला ही जिवाणूंची भुकटी चोळली की रोपाला करपा लागत नाही. मी आणि माझा भागीदार समीर पुण्यात चार वर्षं त्यावरच राबतोय. रिक्षावाल्याने मुकाट्याने स्थानकावर सोडलं. तरी मी रिक्षाचा नंबर लिहून घेतलाच.

निमंत्रणही मला खटकत होतं. विज्ञानातून कंपनी काढणाऱ्यांसाठी दोन दिवसांचा सराव, राहणं-जेवण फुकट. खोटे गुंतवणूकदार समोर बसणार, आपण आपली कल्पना मांडायची, ते प्रश्न विचारणार. फुकटात एवढं कोण करतं हो? माझी तर खात्री होती की कुणाला तरी आमची कृती हवी आहे. पण गुरुवारी नागपूरला खऱ्या गुंतवणूकदाराची भेट होती. ती फसली तर महिनाअखेरीस प्रयोगशाळेला कुलूप लागणार होतं. म्हणून आले.

बस तासाभराच्या वर चालली. दोन्ही बाजूंना हिरव्यागार बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं), काही उंचावर, काही खाली पाण्यात उभ्या. सडक अर्जुनीला महामार्गावर ट्रकांची रांग होती आणि सरावाचा हॉल एका ढाब्याच्या मागे. जेवायला भात आणि लाखोरीची डाळ (इकडची एक कडधान्याची डाळ) होती. बॅग न सोडता एका हाताने जेवायला गेले आणि अर्धी वाटी डाळ ओढणीवर सांडली.

"ठेव ना ते खाली. कोणी नाई नेत," शेजारच्या बाई म्हणाल्या.

त्याच माझ्या खोट्या गुंतवणूकदार निघाल्या. पटलेकाकू. सराव घेणाऱ्या निखिलने ओळख करून दिली, काकूंनी आयुष्यभर बी-बियाण्यांचं दुकान चालवलंय. म्हणजे कंपन्यांची माणसं यांच्याकडे ऊठबस करणारी. झालं! त्यांनी वही उघडली तशी मी मनाशी ठरवलं, जिवाणूचं नाव मरेन पण सांगणार नाही.

नाव त्यांनी विचारलंच नाही. माझं बोलणं पुरं ऐकलं आणि म्हणाल्या, "पाणी साचून राहते त्या बांधीत काय होते जी?"

आमच्या चाचणीच्या सात बांध्यांपैकी दोन खोलगट होत्या. तिथली रोपं करप्याने गेली होती आणि त्या दोन बांध्या आम्ही सादरीकरणातून गाळल्या होत्या.

"त्या जागांचे निष्कर्ष प्रातिनिधिक नव्हते," मी म्हणाले.

काकूंनी ते वहीत उतरवलं. यांना हे कुणी सांगितलं असेल, याच विचारात माझी उरलेली संध्याकाळ गेली. समीरवरसुद्धा संशय घेऊन झाला.

दुसऱ्या दिवशी निखिलने जागा बदलायला लावल्या. काकू मी झाल्या, मी गुंतवणूकदार. जे पटत नाही ते विचारायचं, एवढाच नियम. मला आनंदच झाला. न पटणं हा तर माझा स्वभाव. काकूंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली तेव्हा हॉलमध्ये सगळे हसले. मीही हसले. मग त्यांनी माझं कालचं सगळं बोलणं पुण्याच्या भाषेत, हुबेहूब केलं.

"खोलगट बांधीचं काय?" मी विचारलं.

"त्या जागांचे निष्कर्ष प्रातिनिधिक नव्हते."

किती गुळगुळीत वाक्य होतं ते! मला चीड आली. "प्रातिनिधिक नव्हते म्हणजे काय? रोप जगलं की मेलं?"

काकूंनी पिशवी खाली ठेवली. मग आपल्या बोलीत म्हणाल्या, "ते तुलेच माहीत, बाई. मी कायले खोटं बोलू?"

सगळे माझ्याकडे बघत होते. "मेलं," मी म्हणाले. लाज वाटली, भयंकर लाज वाटली.

"मंग काल काऊन नाई सांगितलं?" काकूंनी वही मिटली. "इकडं लोकायच्या किती बांध्या खोलगट हायेत. माणूस भरोशानं बी लावते. सालभराचं पीक जाते त्याचं."

कुणी फोडलं नव्हतं काही. धानाच्या मुलखात कुणीही पहिला हाच प्रश्न विचारला असता, आणि पुण्यात चार वर्षांत तो आम्हाला एकानेही विचारला नव्हता.

नागपूरला जाणाऱ्या बसमधून समीरला फोन लावला. त्या दोन्ही बांध्या सादरीकरणात घालायच्या, तेही पहिल्याच पानावर, असं सांगितलं.

"मग पैसे विसर," तो म्हणाला.

"कदाचित."

"आणि आता दाखवणार तरी काय? मेलेल्या रोपांचे फोटो पुसून टाकू म्हणालो होतो ना आपण."

"तू म्हणाला होतास," मी म्हणाले. "मी पुसले नाहीत."

तो म्हणाला, "पाठव."

बस वाटेत साकोलीला थांबली तेव्हा मी फोटो पाठवून दिले.